उंब्रजजवळच्या अनोळखी मदतगारांचे मनःपूर्वक आभार

रविवारी सायंकाळी कराडहून साताऱ्याकडे येताना, उंब्रजच्या पुढे महामार्गावर आमच्या गाडीचे पुढचे डावे चाक निखळून उसात गेले. तेव्हा मागची वाहतूक थोपवणारे ट्रकचालक, आईला पाणी देणाऱ्या मावशी आणि मोबाइलच्या उजेडात चाक शोधून, उरलेल्या तीन चाकांचा एकेक नट काढून ते बसवणारे दोन तरुण, या सर्वांचे आम्ही ऋणी आहोत. नावे विचारण्याचेही भान राहिले नाही. दोन दिवसांपूर्वी टायर बदलताना नट पुरते आवळले नव्हते, ही चूक गॅरेजचीच. परंतु 50 ते 100 किलोमीटरनंतर ते पुन्हा तपासायचे असतात, आणि स्टिअरिंगची थरथर जाणवूनही मी थांबलो नाही, हा दोष माझा. पैसे नाकारून, ‘सावकाश जावा,’ एवढेच ते तरुण म्हणाले.