फौजी घरातल्या बायकांनी ग्रामसभेला यावं

संपादक साहेब,

वन रँक वन पेन्शनसाठी (म्हणजे रँक आणि नोकरीची वर्षं सारखी असली की निवृत्ती कधीही झाली तरी पेन्शन सारखीच) २०१५ ला जंतरमंतरवर माजी सैनिक उपोषणाला बसले, मग सुप्रीम कोर्टात केस लढली, म्हणून तर २०२३ मधे कोर्टाने फॅमिली पेन्शनवाल्यांची (फौजी गेल्यावर ज्या घरच्यांना पेन्शन मिळते त्यांची) थकबाकी ३० एप्रिलपर्यंत एकाच हप्त्यात द्या असं सांगितलं. आपोआप काहीच नाही मिळालं! पण आमच्या सातारा जिल्ह्यात गावोगाव फौजी असूनही घरच्या बायकांना स्पर्श पोर्टल (फौजी पेन्शनची सरकारी वेबसाइट) म्हणजे काय, हयातीचा दाखला कुठं द्यायचा हेच माहीत नसतं आणि पोरगा बॉर्डरवर असला की सासूबाईंसारख्या म्हाताऱ्या बाया पार अडकून पडतात. सगळ्या फौजी घरांनी मिळून ग्रामसभेत ठराव करावा आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे प्रत्येक तालुक्यात दर महिन्याला कॅम्प मागावा.

– एका जवानाची पत्नी, सातारा