पुरुषांना रंग फक्त घोळक्यातच का?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत पुरुषांच्या फॅशनचं अख्खं पान होतं म्हणून जरा आशेने उघडलं. फोटो पाच. एक नेव्ही ब्लू ब्लेझर, एक ग्रे ब्लेझर, एक काळा टीशर्ट, एक बेज चिनो आणि पाचव्यात परत नेव्ही ब्लूच, फक्त बाह्या दुमडलेल्या. खाली मजकूर काय तर "क्लासिक", "टाइमलेस", "सोबर". समोरच्या पानावर साड्या होत्या, तिथे बघायला चष्मा लागला नाही. तुमच्या पानाला नावं ठेवायला हे पत्र लिहीत नाहीये, तुम्ही तरी काय छापणार, बाजारात जे लटकतंय तेच ना. पण हे असं का झालं आणि असंच का चालू ठेवायचं यावर कोणीच काही बोलत नाही म्हणून लिहितोय.

दिवाळीच्या आधी ठाण्यातल्या राम मारुती रोडवर शर्ट घ्यायला गेलो होतो. दुकानाचं नाव नको, बाजूची चार दुकानंही तशीच आहेत. म्हटलं आमसुली दाखवा नाहीतर हळदी, फुल बाह्यांचा, साधा, ऑफिसला घालता येईल असा. काउंटरवरच्या पोराने आधी माझ्याकडे बघितलं मग माझ्या केसांकडे, आणि आकाशी काढला. मग अजून एक आकाशी काढला ज्यात बारीक रेघ होती. मग म्हणाला "सर वाईन आहे", तो काढला तर तो ट्यूबलाइटखाली काळाच दिसत होता, दारापर्यंत नेऊन उजेडात धरला तेव्हा कळलं की हो बाबा, आहे काहीतरी लालसर. पिवळा विचारला तर म्हणे "पार्टीवेअरमध्ये बघा", आणि पार्टीवेअरमधला पिवळा म्हणजे सॅटिनसारखा चकाकणारा, काळी कॉलर, खिशावर वाघाचं तोंड. म्हणजे मधलं काही नाहीच. एक तर बँकेचा मॅनेजर व्हा नाहीतर ऑर्केस्ट्राचा सिंगर. शेवटी पोरगा प्रेमाने म्हणाला, "सर तुमच्या एजला लाइट ब्लूच जातो." त्याच दुकानात पलीकडच्या काउंटरवर बायको बसली होती, तिच्यासमोर तो साडीवाला मोरपंखी, अबोली, डाळिंबी, चिंतामणी, श्रीखंडी, गुलबक्षी असं एकामागून एक उलगडत होता आणि मध्येच "वहिनी हा तुमच्याकडे नसेल" असंही सांगत होता. आम्हाला असं कोण सांगणार, आमच्याकडे जे आहे तेच परत विकायचं असतं.

आता कोणी म्हणेल पुरुषांना रंग आवडतच नाहीत. साफ खोटं. ठाण्यात राहून हे कसं म्हणता येईल? दहीहंडीच्या दिवशी टेंभी नाक्याला जा, पथकांचे टीशर्ट बघा, पोपटी, भगवे, गुलाबी, असे की लांबून डोळे दिपतात. गुढीपाडव्याला कोपिनेश्वर मंदिराच्या स्वागतयात्रेत फेटे बघा, कुर्ते बघा, भिकबाळी बघा. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणेकडच्या आगरी-कोळी घरातल्या हळदीला जाऊन या, सगळे पुरुष अंगभर पिवळे आणि डीजेसमोर पहाटेपर्यंत, कोणालाही त्यात अवघडल्यासारखं होत नाही. आयपीएलमध्ये तर पन्नाशीचा माणूससुद्धा राजस्थानची गुलाबी जर्सी घालून बिनधास्त भाजी आणायला जातो. आणि नवरात्रात नऊ रंगांच्या नादात आता ऑफिसातले पुरुषही उतरलेत, फक्त हिरव्याच्या दिवशी अर्ध्यांच्या अंगावर ऑलिव्ह असतो कारण कपाटात तेवढाच सापडतो, आणि ज्या वर्षी राखाडी येतो त्या दिवशी शंभर टक्के हजेरी.

म्हणजे माझं म्हणणं असं की पुरुषाला रंग चालतो, पण घोळक्यात. दहा जणांनी घातलाय, काहीतरी निमित्त आहे, बोर्डावर आजचा रंग लिहिलाय, मग काहीही चालतं. तोच माणूस, तोच पिवळा शर्ट, साध्या मंगळवारी आठ चाळीसच्या ट्रेनला घाला, लगेच "काय आज वाढदिवस वाटतं?" दुसरा म्हणणार "काय गोविंदा झालास!" आता गोविंदाचं बघा, त्या माणसाने नव्वदच्या दशकात पिवळी पँट आणि लाल शर्ट घालून सगळ्या देशाला नाचवलं, लोकांनी डोक्यावर घेतलं, आणि आपण त्याचं नाव टोमणा म्हणून वापरतो. बायकोने नवीन रंग घातला की "छान दिसतोय गं", पुरुषाने घातला की त्याला खुलासा द्यावा लागतो.

हे पूर्वीपासून असंच आहे असंही नाही. पेशवाईतल्या सरदार-दरकदारांनी शेले, मोत्याचे तुरे, कानात भिकबाळी हे सगळं घातलंच ना, आणि लढायाही केल्याच. तिकडे फ्रान्सचा चौदावा लुई लाल टाचांचे बूट घालून मिरवायचा. 17व्या-18व्या शतकात युरोपातले श्रीमंत पुरुष घरात आपल्याकडच्या छापील कापडाचे फुलाफुलांचे झगे घालून बसायचे आणि त्यात स्वतःची चित्रं काढून घ्यायचे. मग 18व्या शतकाच्या शेवटी हवा फिरली. लंडनमध्ये ब्रमेल नावाचा एक फॅशनवाला होता, त्याने गडद कोट आणि पांढरा स्वच्छ शर्ट एवढ्यावरच सगळं आणून ठेवलं, आणि रंग, लेस, चमक हे सगळं पुरुषांनी हळूहळू बायकांकडे सोपवलं. फ्लूगेल नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1930 मध्ये याला पुरुषांचा महासंन्यास म्हटलंय, आणि त्याचं कारणही दिलंय की राजेशाही गेली, कामाला मान आला, मग पुरुषाने कामाचा माणूस दिसायचं, देखणा नाही. यातली खरी गंमत पुढे आहे. 1856 मध्ये पर्किन नावाचा 18 वर्षांचा पोरगा मलेरियावरचं क्विनीन बनवायला गेला आणि हाती जांभळा रंग लागला, तिथून केमिकलचे रंग सुरू झाले, जे रंग आधी राजेरजवाड्यांनाच परवडायचे ते स्वस्त झाले. आणि नेमके तोवर साहेब लोक काळ्या कोटात शिरलेले! तोच काळा कोट आपल्या कारकुनांनी आणि वकिलांनी धोतरावर चढवला, साहेब गेला तरी तो उतरला नाही, एप्रिल-मेच्या घामातसुद्धा वकील मंडळी कोर्टाच्या पायऱ्या चढताना बघवत नाहीत.

गुलाबीचं तर विचारूच नका. आज पोराला गुलाबी शर्ट घेतला तर आजीच म्हणते मुलीचा रंग आहे, पण 1918 मध्ये अमेरिकेतल्या कपड्यांच्या धंद्यातल्या एका मासिकाने उलटंच छापलं होतं, की गुलाबी जरा ठसठशीत म्हणून मुलांना आणि निळा नाजूक म्हणून मुलींना. म्हणजे हे कोणी वरून ठरवून पाठवलेलं नाही, धंद्यातल्याच लोकांनी कधी असं कधी तसं करून ठेवलंय. क्रिकेटसुद्धा पांढऱ्यातच शोभतं म्हणायचे, 1992 च्या वर्ल्ड कपला सगळ्या टीम रंगीत कपड्यात उतरल्या, तेव्हाही थोडी कुरकुर झालीच, आज कोणाला काही वाटतं का?

मला जास्त वाईट वाटतं ते आपल्या जिल्ह्याचं. भिवंडीत यंत्रमाग, उल्हासनगरात जीन्स, आणि खुद्द ठाण्यात 1925 पासून लोकरीची गिरणी होती जिचं सूटिंग देशभरात लग्नाच्या आहेरात गेलं, आता त्या जागेवर टॉवर उभे राहिलेत. म्हणजे कापड आपण विणायचं, शिवायचं, देशाला घालायचं, आणि संध्याकाळी ठाणे स्टेशनच्या पुलावर उभं राहून बघितलं तर पुरुषांची सगळी गर्दी सिमेंटच्या गोण्या चालल्यासारखी.

दुकानदाराची बाजूही ऐकली मी, ती अगदीच खोटी नाहीये. ओळखीचा एक दुकानवाला आहे, तो म्हणाला एक शेड घ्यायची म्हणजे 38 पासून 46 पर्यंत सेट उचलावा लागतो, पांढरा-आकाशी कधीही खपतो, हळदी नाही खपला की पाचच्या पाच पीस पडून, माल अडकतो, मग सेलमध्ये पडेल त्या भावाने काढा. बरोबर आहे. पण ठेवतच नाही तर खपणार कुठून? तो म्हणतो गिऱ्हाईक मागत नाही, गिऱ्हाईक म्हणतं मिळत नाही, आणि मध्ये पुरवणीवाले म्हणतात हीच फॅशन आहे. कंपन्यांचं तर बोलूच नका, त्या दर सिझनला एकाच निळ्याला नवीन नाव देतात, एअरफोर्स काय, मिडनाइट काय, स्टील काय.

लोकल हा एक मुद्दा आहे, तो मान्य. गर्दीत मळतं, समोरच्याच्या बॅगेची चेन घासते, कुणाच्या हातातलं भजी-पावचं तेल लागतं, म्हणून लोक गडद घालतात. पण मग मे महिन्यात काळा टीशर्ट कशाला? ऊन सगळं ओढून घेतो. आणि ग्रे मेलांज, म्हणजे तो कणीदार राखाडी, त्या टीशर्टवर तर घामाचा नकाशा जितका स्पष्ट उमटतो तितका दुसऱ्या कशावरच नाही, तरी तो सोबर! फिकट पिस्ता, लिंबू, पीच हे आपल्या दमट हवेला खरं तर जास्त बरे. ऑफिसचा ड्रेस कोड म्हणाल तर आमच्याकडे फक्त "फॉर्मल" एवढंच लिहिलंय, रंग कोणता हे कुठेच लिहिलेलं नाही, ते आम्हीच आमच्या मनाने लावून घेतलंय.

तरुण पोरं तरी काही वेगळं करतील वाटलं होतं. आमच्या घरातला कॉलेजकुमार लहानपणी डायनासोरचे केशरी टीशर्ट घालून झोपायचा, आता कपाट उघडलं तर सगळे काळे, ओव्हरसाइझ, आणि एक बेज. विचारलं तर म्हणे अर्थ टोन, म्हणजे मातकट रंग. पुढे म्हणे ओल्ड मनी लुक, म्हणजे पिढीजात श्रीमंतांसारखं साधं दिसणं. आपल्याकडे न्यू मनीही नाही पण ते जाऊ द्या. त्या रणवीर सिंगचं सगळ्यांना कौतुक, स्कर्ट घालून आला तरी फोटो फॉरवर्ड करतात, पण स्वतः कधी मरून मोजे घालायची हिंमत नाही.

मला काही पुरुषांना मोर बनवायचं नाहीये. ज्याला आकाशी आवडतो त्याने आकाशी घालावा, मीही घालतो. तक्रार एवढीच आहे की सोमवार ते शनिवार घालायच्या साध्या कॉटनच्या शर्टात, नक्षी नाही, चमक नाही, वाघ नाही, अशा शर्टात आठ-दहा रंग तरी मिळावेत आणि तो घेतल्यावर कोणी कारण विचारू नये.

वाचकांपैकी माझ्यासारखे कोणी असतील त्यांच्यासाठी सांगतो. मी आता रेडिमेड सोडलंय. बायकांच्या ड्रेस मटेरियलच्या दुकानात तागे असतात तिथे साधं कॉटन आणि खादी सिल्कसारखं कापड हव्या त्या रंगात मिळतं. पन्हा म्हणजे कापडाची रुंदी विचारून घ्या, 58 इंच असेल तर एक मीटर साठ सेंटीमीटरमध्ये फुल शर्ट होतो, 36 असेल तर सव्वादोन ते अडीच मीटर लागतं, 44 वाल्याला दोनच्या वर धरा. कापड आधी भिजवून आटवून घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात बाह्या वर जातात, आणि रंग जातो का ते ओल्या पांढऱ्या रुमालाने चोळून बघा. नौपाड्यात अजून काही जुने जेन्ट्स टेलर टिकून आहेत. माझा टेलर आमसुली कापड बघून आधी म्हणाला "वहिनींचं ब्लाउज आम्ही नाही शिवत", मग मापं घेतली आणि शिवून दिला, आता म्हणतो उरलेलं कापड दुकानात टांगून ठेवू का, दोघातिघांनी विचारलंय.

आपला,
एक वाचक, पाचपाखाडी, ठाणे