सुगीचा धंदा बारमाही करणारा माणूस

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

मांसाच्या धंद्यात मोठा झालेला तो आयरिश माणूस नेमकं काय करून मोठा झाला, असं तू विचारलं होतंस. त्याचं नाव मायकेल कडाही. त्याच्यावर लिहिलेलं बरंचसं 'गरिबीतून श्रीमंतीकडे' या एकाच चालीवर असतं आणि त्यातून तुला काही मिळायचं नाही. त्याचं खरं काम तुझ्या धंद्याच्या जवळचं आहे. द्राक्षं शीतगृहात जाण्याआधी त्यांच्यातली शेतातली ऊब काढावी लागते, म्हणून तू प्रीकूलिंगची खोली चालवतोस. मायकेलने मेलेल्या डुकराच्या अंगातली ऊब काढली. बाकीचा डोलारा त्यावर उभा राहिला.

घराण्याचं थोडक्यात सांगतो. आयर्लंडच्या किल्केनी परगण्यातलं कॅलन हे त्यांचं गाव. मायकेलचा जन्म 1841चा. बटाट्यावर रोग पडून दुष्काळ आला आणि 1849 साली अख्खं कुटुंब अमेरिकेला निघालं. तेव्हा मायकेल सात-आठ वर्षांचा होता आणि धाकटा पॅट्रिक काही महिन्यांचा. ते स्थिरावले विस्कॉन्सिनमधल्या मिल्वॉकीत. शेंडेफळ एडवर्ड तिथेच 1860 साली जन्मला. मायकेल, जॉन, पॅट्रिक आणि एडवर्ड हे चौघेही पुढे मांसाच्या धंद्यात नाव काढून गेले.

मायकेल चौदाव्या वर्षी लेटन अँड प्लँकिंटन या पेढीच्या कत्तलखान्यात लागला. सगळी कामं हाताने शिकला. नंतर तो मांस-तपासनीस झाला. चरित्रांत ही नोकरी एका ओळीत उरकतात. माझ्या मते सगळं तिथेच ठरलं. तपासनिसाचं हत्यार म्हणजे विणायच्या सुईसारखी एक पातळ, टोकदार पोलादी सळई. हॅम, म्हणजे डुकराची मागची मांडी, मिठात मुरून झाली की ही सळई तीन-चार ठरलेल्या जागी खुपसायची: नळीच्या सांध्याशी, खुब्याच्या हाडाला घासून आणि मधल्या जाड हाडाच्या कडेने. बाहेर काढल्या काढल्या नाकाशी धरायची. माल चांगला असेल तर खारा, किंचित गोडसर वास येतो. बिघडलेला असेल तर आंबूस, सडका भपकारा. भोक बोटाने दाबून बंद करायचं, सळई पुसायची, पुढचा नग. बिघाड वरून दिसत नाही. कातडी गुलाबी, मांस घट्ट, आणि हाडाशी मात्र सगळं गेलेलं. दिवसाला शेकडो मांड्या हुंगणाऱ्या माणसाला एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही: माल हाडापासून नासतो.

आता कारण बघ. डुक्कर मारलं तेव्हा अंगात 39 अंश ऊब असते. मांडी जाड, वरून चरबीचं पांघरूण, मधे हाड. मीठ बाहेरून आत शिरतं आणि फार हळू शिरतं. हाडापर्यंत पोचायला त्याला आठवडे लागतात. ऊब आतून बाहेर निघते, तीही हळूच. मीठ पोचेपर्यंत हाडापाशी ऊब राहिली तर तिथले जंतू आधी जागा धरतात. वर कितीही मीठ थापा, उपयोग नाही. म्हणून आधी थंडी आणि मग मीठ, हा क्रम चुकवून चालतच नाही.

हा क्रम पूर्वी निसर्ग सांभाळायचा. अमेरिकेत डुकरं कापायचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी, फार तर मार्चची सुरुवात. उन्हाळ्यात कारखाने ओस आणि कामगार दुसरीकडे. शेतकऱ्याला सगळी जनावरं चार महिन्यांत विकावी लागत, म्हणजे ऐन आवकेत भाव पडलेला. आपल्याकडे कांद्याचं जे होतं तेच. हिवाळाही भरवशाचा नव्हता. मधेच ऊन पडलं तर माल आंबे, आणि कडाक्याची थंडी पडली तर मांडी वरून गोठून आत गरम राही. गोठलेल्या मांसात मीठ नीट शिरत नाही.

उपाय बर्फाचा. विस्कॉन्सिनची तळी हिवाळ्यात गोठतात. घोड्याच्या नांगराने बर्फावर चौकोन आखायचे, करवतीने लाद्या सोडवायच्या, पाण्याच्या पाटातून तरंगत काठाला आणायच्या आणि लाकडाच्या भुशात थप्पी लावायची. (अमेरिकेतल्या तळ्यांचा असलाच बर्फ 1830च्या दशकापासून बोस्टनहून जहाजाने मुंबईलाही येत होता.) या बर्फावर भर उन्हाळ्यात मांस थंड करण्याचे प्रयोग मायकेलच्या आधीही काहींनी केले होते. तो एकट्याचा शोध नव्हे. मोठ्या कारखान्यात, रोजच्या रोज, बाराही महिने चालेल अशी पद्धत बसवणाऱ्यांत त्याचं नाव पहिल्या ओळीत येतं, एवढंच खात्रीने म्हणावं.

रचना अशी: माळ्यावर बर्फ, खाली मांस टांगायची खोली. थंड हवा जड, ती कडेच्या फटींतून खाली उतरते; मांसावरून गेलेली कोमट हवा दुसऱ्या फटीतून वर चढून बर्फाला भिडते. पंखा नाही, यंत्र नाही. बर्फाखाली पन्हळी, म्हणजे वितळलेलं पाणी मांसावर ठिबकणार नाही. जास्त थंडी हवी तर बर्फात मीठ मिसळायचं. भिंती दुहेरी, मधे भुसा.

बर्फ किती लागायचा याचा हिशेब तूच करू शकशील. 70 किलोचं साफ केलेलं धड 39 अंशांवरून 3 अंशांवर आणायचं आहे. मांसाची विशिष्ट उष्माधारकता (एक किलो एक अंशाने तापायला लागणारी उष्णता) पाण्याच्या पाऊणपट धरली तर 70 गुणिले 36 गुणिले 0.75 म्हणजे 1,890 किलोकॅलरी. एक किलो बर्फ वितळताना 80 किलोकॅलरी ओढतो. म्हणजे एका डुकरामागे साधारण 24 किलो बर्फ, हजार डुकरांमागे 24 टन. आणि हे नुसत्या मांसाचं झालं. भिंती, दारं, माणसं यांची उष्णता धरली की आकडा बराच वाढतो. म्हणून हा धंदा तळ्याकाठीच फोफावला, आणि तोही भांडवलवाल्यांच्या हाती गेला. गावठी खाटकाला एवढा बर्फ साठवणं परवडणारं नव्हतं.

घोटाळे कुठे होतात? एक, धडं चिकटून टांगली तर मधली हवा कोंडते आणि नेमक्या तिथल्या मांड्या आंबतात. दोन, कालच्या थंड मालाच्या खोलीत आजचा गरम माल घातला की वाफ उठते, थंड मांसावर आणि छतावर दव धरतं, ठिबकतं, बुरशी येते. म्हणून एक खोली भरली की ती बंद करायची आणि दुसरी उघडायची. तुझ्याकडे पॅकिंगवाले 'एवढे दोन क्रेट आत सरकवू द्या' म्हणतात तेव्हा तू का चिडतोस ते मला यावरून कळलं. तीन, घाई. वरचं मांस गार लागतं म्हणून धड लवकर उतरवलं तर आत हाडाशी ऊब तशीच. पूर्ण दोन दिवस टांगलेलं बरं.

मग मुरवणं. अमेरिकन शेतांवर चालणारं प्रमाण असं: 45 किलो मांसाला 3.6 किलो मीठ, 900 ग्रॅम साखर, 57 ग्रॅम सोरा (पोटॅशियम नायट्रेट) आणि सुमारे 17 लिटर पाणी. मीठ टिकवतं, साखर मिठाचा करकरीतपणा मोडते, सोऱ्याने रंग गुलाबी राहतो. सोरा जास्त झाला तर चव बिघडते. कारखान्यात मिठवणीचा, म्हणजे या खाऱ्या पाण्याचा, दाटपणा काचेच्या तरंगमापीने तपासत. मांड्या पिंपात रचून मिठवणी ओतायची, वर वजन ठेवायचं. दर पौंडाला साडेतीन ते चार दिवस, म्हणजे 14 पौंडांच्या मांडीला सात-आठ आठवडे. सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी मांड्या काढून खालवर करायच्या, नाहीतर जिथे दोन एकमेकींना चिकटल्या तिथे मिठवणी पोचत नाही. जाड मांडीत भोकांच्या सुईने हाडाशेजारी मिठवणी टोचतही. हे सगळं 2 ते 4 अंशांवर. त्याहून गरम झालं तर आंबतं, गोठायच्या जवळ गेलं तर मीठ आत जायला आळस करतं. थंडीचा भरवसा असला की मीठ कमी घालता येतं, आणि इंग्लंडच्या गिऱ्हाइकाला तसंच सौम्य बेकन हवं होतं.

या जाणकारीवर मायकेल 1869 साली मिल्वॉकीत प्लँकिंटन अँड आर्मरच्या कारखान्याचा मुख्य झाला आणि 1870च्या दशकातच त्या पेढीतल्या बड्या मांस-व्यापारी फिलिप आर्मरने त्याला शिकागोच्या पेढीत भागीदार करून घेतलं. विकायची अक्कल आर्मरकडे होती, मालाची मायकेलकडे. 1887 साली दोघांनी साउथ ओमाहात कारखाना घेतला. तो आधी थॉमस लिप्टनचा, हो, चहावाल्या लिप्टनचाच. ओमाहा का? आजूबाजूला मक्याचा मुलूख, मका खाऊन माजलेली जनावरं दारात, जनावरांचा बाजार नुकताच सुरू झालेला. 1890 साली मायकेलने शिकागोतला आपला हिस्सा आर्मरला दिला, आर्मरचा ओमाहाचा हिस्सा स्वतःकडे घेतला, आणि एडवर्डला बरोबर घेऊन कडाही पॅकिंग कंपनी काढली.

तिकडे मिल्वॉकीत प्लँकिंटन 1888 साली निवृत्त झाला तेव्हा त्याचा धंदा पॅट्रिक आणि जॉनने घेतला. पुढे पॅट्रिकने शहराबाहेर माळरानावर नवा कारखाना आणि त्याभोवती गाव वसवलं. गावाचं नावही कडाही. जॉनचा जीव मात्र सट्ट्यात. 1893च्या ऑगस्टमध्ये शिकागोच्या बाजारात डुकराच्या मांसाचा भाव चढता ठेवण्याच्या नादात तो पुरता बुडाला. एडवर्डच्या मुलाला 1900च्या डिसेंबरमध्ये ओमाहात पळवलं आणि 25,000 डॉलर सोन्याच्या नाण्यांत देऊन सोडवलं. वर्तमानपत्रांना तेवढंच हवं असतं, म्हणून कडाही म्हटलं की लोकांना ते आठवतं.

बारमाही धंद्याचा फायदा कुणाला झाला, हाही प्रश्न आहे. शेतकऱ्याला उन्हाळ्यात गिऱ्हाईक मिळालं. उरलेल्या चरबीचा साबण, आतड्यांची सॉसेजची वेष्टणं, केसांचे ब्रश, हाडारक्ताचं खत असं वाया जाणं थांबलं, कारण रोज माल आला तरच असले जोडधंदे परवडतात. कामगाराला काम वर्षभर झालं खरं, पण तासावर. पहाटे फाटकापाशी गर्दी, जनावरं आली तर काम, नाहीतर घरी. मिठवणीने हात फाटायचे, थंड खोल्यांत सांधे धरायचे. शिकागोच्या कामगारांनी 1886च्या मे महिन्यात आठ तासांचा दिवस मिळवला आणि त्याच वर्षी संप मोडून मालकांनी तो काढून घेतला. मायकेल तेव्हा तिथे भागीदार होता, हे त्याचं कौतुक करताना गाळू नये. मोठे मांसवाले आपसांत भाव ठरवतात या आरोपावरून सरकारने भरलेल्या खटल्यातही कडाहींची कंपनी होती. 1905 साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्यांच्या विरुद्ध दिला.

मायकेलने 1908च्या सुमारास लॉस एंजेलिसजवळ 2,777 एकर जमीन घेऊन एकेक एकराचे तुकडे पाडून विकले. तुकडे अरुंद आणि लांबलचक, पुढे घर, मागे भाजी, कोंबड्या, एखादं जनावर मावेल असे. 1910 साली तो शिकागोत वारला. त्या वस्तीलाही कडाही हेच नाव राहिलं. तिथे आता कोंबड्या नाहीत; त्या लांब पट्ट्यांवर रस्त्यापासून पार मागपर्यंत एकामागे एक घरं भरली आहेत आणि कॅलिफोर्नियातल्या सर्वांत दाट वस्तीच्या गावांत त्याची गणना होते.

बर्फाच्या खोलीची आकृती हवी असेल तर कळव, काढून पाठवतो. वहिनींना नमस्कार सांग.

लोभ आहेच, तो वाढावा.

तुझा,
अनंत