हँडपीसविषयी, पुन्हा एकदा

चि. मृणाल हिस अनेक आशीर्वाद.

रविवारी कराडहून तुझा फोन आला, तेव्हा बोलण्याच्या ओघात तू म्हणालीस की दातांच्या नव्या क्लिनिकमध्ये दोनच एअरोटर, म्हणजे दात कोरायचे हवेवर फिरणारे हँडपीस, आहेत, संध्याकाळी खुर्ची रिकामी होत नाही, म्हणून दोन रुग्णांच्या मध्ये हँडपीस नुसता स्पिरिटने पुसून घेतात आणि वाफेने निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हमध्ये रात्री एकदाच घालतात. त्यावर काही लिहायचे नाही असे मी ठरवले होते, कारण नोकरी तुझी आणि पदवीही तुझी. तरी राहवत नाही. हँडपीस थांबतो त्या क्षणी रुग्णाची लाळ आणि रक्त आतल्या टर्बाइनकडे ओढले जाऊ शकते, हे तूच मला तिसऱ्या वर्षाला असताना ओट्यापाशी उभी राहून समजावले होतेस. मग बाहेरून फिरवलेला स्पिरिटचा बोळा आत कसा पोहोचणार? काविळीचा ब विषाणू तर वाळलेल्या रक्तातही ७ दिवस तग धरतो.

काचेच्या सिरिंजा उकळून वापरत, त्या काळापासून मी ऑपरेशन थिएटरमध्ये हे पाहत आले. उकळत्या पाण्याने जिवाणूंचे बीजाणू मरतीलच असे नाही, म्हणून उपकरणे वाफेच्या दाबाखाली १२१ अंशांवर किमान १५ मिनिटे ठेवायची आणि उष्णतेने रंग बदलणाऱ्या पट्टीवर काळ्या रेषा उमटल्याशिवाय कोणाच्या हाती द्यायची नाहीत, असा मेट्रनबाईंचा दंडक होता. सर्जन दारात ताटकळले तरी बाई बधत नसत. आमच्या थिएटरमधली कुसुम काविळीने गेली ते तुला आठवणार नाही, तू बालवाडीत होतीस. टोपण लावतानाच सुई तिच्या बोटात रुतली होती. तू टोपण ट्रेमध्ये ठेवून एकाच हाताने सुई त्यात सरकवत जा. लसीचे तिन्ही डोस झाले असले तरी टायटर, म्हणजे रक्तातल्या प्रतिपिंडांचे प्रमाण, तपासून घे.

पाहा, पुन्हा उपदेश सुरू झाला; राग मानू नकोस. "एवढे कोणी करत नाही," हे क्लिनिकच्या सरांचे उत्तर ऐकूनही तू गप्प बसली नाहीस, हे बाबा शेजारच्या काकांनाही सांगून आले. मला मात्र तुझी नोकरी जाते की काय, ही धास्ती वाटते, आणि त्याहून अधिक त्या पुसलेल्या हँडपीसची. १३४ अंशांवर प्रत्यक्ष निर्जंतुकीकरणाला ३ मिनिटे पुरतात. तापणे आणि वाळणे यांतच काय तो वेळ जातो. आणखी चार हँडपीस असले, तर रुग्ण खोळंबणार नाहीत. पैशांची अडचण असेल तर पहिले दोन आम्ही घेऊन देऊ, बाबांशी बोलणे झाले आहे. सरांना तसे विचार आणि काय म्हणतात ते कळव.

तुझी
आई