घरचे लाडू का नेता येत नाहीत

कोलंबस, ओहायो

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

तब्येत ठणठणीत आहे, जेवण वेळेवर होतं. बाबा, शनिवारी मी मुलांचा आहारवर्ग घेते, त्याची काळजी सोडा. सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांची मर्यादा पगारी कामाला असते. हे सेवाभावी संस्थेचं बिनपगारी काम, व्हिसाला धक्का नाही. अभ्यासही मागे पडत नाही, कारण आम्ही सगळे विद्यार्थी वर्गात शिकतो तेच तिथे शिकवतो.

साखरेचा तास सर्वांत रंगतो. कोलाच्या ३५५ मिलिलिटरच्या डब्यावर साखरेचा आकडा मुलांनीच शोधायचा: ३९ ग्रॅम. एक सपाट चमचा म्हणजे ४ ग्रॅम, तेव्हा जवळजवळ दहा चमचे साखर काचेच्या पेल्यात मोजून घालायची. प्रत्येक चमचा सुरीच्या पाठीने सपाट करायचा, शिगोशीग भरला की हिशेब खोटा ठरतो. ‘हे वाईट’ असं मात्र कधीच म्हणायचं नाही. तोच डबा मुलाच्या घरी फ्रिजमध्ये असतो, आणि आपण त्याच्या आईला नावं ठेवल्यासारखं होतं. ‘रोजचं’ आणि ‘कधीतरीचं’ एवढंच म्हणायचं. नवी भाजी एकच घास, आग्रह नाही. आवडायला आठ-दहा वेळा चाखावी लागते.

आई, तू म्हणतेस दाण्याचे लाडू करून ने. ते अजिबात चालत नाही. इथे काही मुलांना शेंगदाण्याचा कणही सोसत नाही. अंगावर गांधी उठतात, घसा सुजतो, श्वास अडकतो, आणि मांडीत लगेच एपिनेफ्रिनचं इंजेक्शन द्यावं लागतं. म्हणून आमच्या केंद्रावर घरचं काहीच नेत नाहीत. पाकीटबंद तेवढंच, तेही लेबल वाचून आणि पालकांनी भरलेला अ‍ॅलर्जीचा फॉर्म बघून. टेबलं साबणाच्या पाण्याने पुसतात. हातही साबणानेच धुवायचे, कारण सॅनिटायझरने जंतू मरतात पण दाण्याचं प्रथिन हाताला तसंच राहतं. आपल्या कोशिंबिरीत, भाजीत, खिचडीत सगळीकडे कूट, त्यामुळे डबा खाऊन तसंच मुलांत जाता येत नाही. २०२३ पासून इथे लेबलवर जाहीर कराव्या लागणाऱ्या मुख्य अ‍ॅलर्जींत तीळही आलेत, म्हणजे तिळगूळही नाही. लाडू पाठवच, खोलीवर मी खाईन.

ग्रंथालयाच्या पगारातून २०० डॉलर पाठवलेत, ते कर्जाच्या हप्त्याला लावा. एफडी मोडू नका. आणि बाबा, मोतीबिंदूचं ऑपरेशन माझ्या फीसाठी पुढे ढकललंय हे ताईकडून कळलं. तसं करू नका, फीचं मी बघते.

ताईच्या साखरपुड्याला येणं जमत नाही, परीक्षा त्याच आठवड्यात आहे. तिला मी फोन करून सांगितलंय, ती काही बोलली नाही. लग्नाचा मुहूर्त मे अखेरीचा धरता आला तर नक्की येते. माझ्या स्थळाचं मात्र पदवी मिळेपर्यंत कुणाशी बोलू नका, मावशीशीसुद्धा नाही.

तुमची,
रेवा