दसऱ्याच्या साफसफाईत माशांचा टँक तेवढा सोडा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आता पितृपक्ष संपत आलाय, घटस्थापनेच्या आधी घरोघरी साफसफाई निघणार, अंथरुणं-पांघरुणं धुवायला बाहेर येणार, म्हणून हे पत्र आत्ताच लिहितोय, वाचून कोण हसलं तर हसू दे. विषय आहे घरातला माशांचा टँक. गणपतीत आमच्या घरी जे झालं ते दसऱ्याला दुसऱ्या कुणाच्या घरी होऊ नये एवढंच.

आमचं घर शहापुरात. हॉलमध्ये दोन फुटी टँक आहे, खडी-बिडी सोडली तर पन्नासेक लिटर पाणी, त्यात चार गोल्डफिश आणि एक सकर, म्हणजे काचेला चिकटून राहणारा मासा. एवढ्या पाण्यात चार गोल्डफिश म्हणजे एका खोलीत दोन बिऱ्हाडं, हे मला आता कळालंय, पण दोन वर्षं सगळं सुरळीत चाललेलं म्हणून कधी विचारच केला नाही. चतुर्थीच्या दोन दिवस आधी साफसफाई काढली. मखर टँकच्या बाजूलाच मांडायचं होतं, पाहुणे येणार, तर म्हटलं टँकपण चकाचक करूया. सगळंच्या सगळं पाणी काढलं, खडी बादलीत घेऊन तांदूळ धुतात तशी सात-आठ वेळा धुतली, काचा घासल्या, आणि फिल्टरचा स्पंज, जो तपकिरी बुळबुळीत झालेला, तो नळाखाली धरून पिळून पिळून अगदी नव्यासारखा केला. पावसाळ्यात नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येतोयच, त्या दिवशीपण होता. टँकमध्ये नवीन पाणी भरल्यावर अँटीक्लोरीनचे थेंब घातले, म्हणजे आपलं काम झालं असं वाटलं. त्या स्पंजमध्ये कोण राहत होतं ते डोक्यातच आलं नाही.

चतुर्थीला निपाणीची बहीण पोराबाळांसकट आली. पोरांना मासे म्हणजे खेळच की, जो तो येऊन चिमूटभर खाणं टाकतोय, एकानं तर मोदकाची पारी कुस्करून टाकली. मासे आधाशी, खात सुटले.

ऋषिपंचमीला सकाळी उठून बघतो तर चारही गोल्डफिश वर येऊन तोंडं उघडी टाकून हवा ओढतायत. सकर खाली काचेला चिकटलेला असतोय तोपण वर. कल्ले लालभडक, आणि थोरला, ज्याला माझी मुलगी शेठ म्हणते, तो एका कुशीवर कलंडलेला. आणि पाणी? पाणी एकदम काचेसारखं स्वच्छ. फसवतंय ते इथेच, कारण आपल्याला वाटतं घाण पाणी म्हणजे गढूळ पाणी.

मग मी दुकानाकडे पळालो. एकाने निळं औषध दिलं, दुसऱ्याने म्हटलं ताप आलाय, अँटिबायोटिक घाला, तिसरीकडे म्हणे मासे जुने झाले, नवीन घ्या. औषधं तिन्ही ठिकाणी होती पण पाणी तपासायचं किट एकाकडेही नव्हतं! निळं औषध घातलं, संध्याकाळपर्यंत एक मासा गेला.

रात्री गल्लीतला एक पोरगा आरतीला आलेला, बीएस्सी करतोय, त्याच्याकडे मोठे टँक आहेत. आरती संपल्यावर टँककडे बघून म्हणाला, “काका, स्पंज नळाखाली धुतला काय?” मी गप्प. तो घरी जाऊन किट घेऊन आला. नळीत पाच मिली पाणी, त्यात थेंब, हलवून पाच मिनिटं थांबायचं. अमोनिया नसेल तर पाणी पिवळं राहतं. आमचं बघता बघता कढीपत्त्यासारखं हिरवं झालं, तक्त्याशी लावून बघितलं तर 2 पीपीएम, म्हणजे पाण्याच्या दहा लाख भागांत दोन भाग अमोनिया. शून्य पाहिजे होतं.

त्याने सांगितलं ते माझ्या भाषेत सांगतो. मासे कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सोडतात, उरलेलं खाणं कुजलं की आणखी होतो. टँकमध्ये दोन जातीचे बॅक्टेरिया पाळीने काम करतात, पहिले अमोनियाचं नायट्राइट करतात, तेपण विषारीच, आणि दुसरे त्याचं नायट्रेट, जे त्या मानाने सौम्य. हे सगळे पाण्यात तरंगत नाहीत, खडीवर आणि मुख्य म्हणजे स्पंजच्या त्या बुळबुळीत थरात बसलेले असतात, आणि नव्या टँकमध्ये त्यांचं बिऱ्हाड थाटायला चार ते सहा आठवडे जातात. नळातलं क्लोरीन जंतू मारायलाच घातलेलं असतं, त्याला चांगला-वाईट कळत नाही. म्हणजे मी दोन वर्षांची वसाहत दहा मिनिटांत धुऊन गटारात घातली आणि वरून पोरांच्या हातून तिप्पट खाणं टाकलं. निळ्या औषधानं उरलेसुरलेपण मेले असणार.

आणखी एक, अमोनिया सगळाच सारखा विषारी नसतो, पाण्याच्या पीएचवर, म्हणजे पाणी किती आम्ल की अल्कली ते सांगणाऱ्या आकड्यावर असतं. पीएच 7 असला तर जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतोय, 8 ला साधारण पाच टक्के. आमचं पाणी 8 भरलं. म्हणून शेजारच्या टँकमध्ये मासे तगतात आणि आपल्या टँकमध्ये तेवढ्याच अमोनियात मरतात.

उपाय काय तर पाणी बदलणे, बाकी औषध नंतर. रात्री साडेदहाला अर्धं पाणी काढलं. मागच्या बाजूला आड आहे आमचा, त्या पाण्यात क्लोरीन नाही, पण त्या पोरानं आधी तेपण किटवर तपासलं, आडालगत गटार असलं तर आडातच अमोनिया निघू शकतो म्हणे. आमचं पिवळं राहिलं. गार पाणी एकदम ओतायचं नाही म्हणून थोडं कोमट मिसळून हळूहळू भरलं. त्यात करंट गेला, हवेचा पंप बंद! मग तासभर मी आणि मुलगी तांब्यानं टँकमधलंच पाणी वर उचलून उंचावरून परत त्यात सोडत बसलो, तेवढीच हवा मिसळते. सकाळी परत अर्धं बदललं, रीडिंग अर्ध्या पीपीएमवर आलं.

दुसरं, खाणं बंद. चार दिवस काही नाही, गोल्डफिशला काही होत नाही. ह्यावर आई भडकली, सणाच्या दिवसांत मुकी जित्राबं उपाशी ठेवतोस काय म्हणून. तिला म्हटलं, तू ऋषिपंचमी पाळतेस तशी त्यांनीपण पाळली समज. त्यावर गप्प बसली, पण पाचव्या दिवशी पहिला दाणा तिनेच टाकला.

तिसरं, आणि खरं काम ह्यानंच झालं, तो पोरगा आपल्या निरोगी टँकमधला जुना स्पंज आमच्याकडे कुंद्याच्या रिकाम्या डब्यात पाणी घालून घेऊन आला आणि आमच्या फिल्टरवर पिळला. चहाच्या चोथ्यासारखं तपकिरी पाणी टँकभर पसरलं, बायकोचं तोंड बघण्यासारखं झालेलं. तासाभरात निवळलं. ते विरजण. त्यानंतर रोज किंवा दिवसाआड पाणी बदलायचं, मधे नायट्राइट चढलं तेव्हा खडेमीठ, लिटरला साधारण एक ग्रॅम, कारण मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत जाऊ देत नाही. अनंत चतुर्दशीला अमोनिया 0.25 वर आला, पितृपक्षात दोन्ही शून्य.

ह्या गडबडीत एका पाहुण्याने सुचवलं, त्रास कशाला, उरलेले किल्ला तलावात सोडून या. कृपा करून कुणी असं करू नका, सकर तर अजिबात नाही, तो आपल्याकडचा मासाच नाही, तळ्यातल्या माशांच्या मुळावर उठतोय.

आता मागणी. गावातल्या मासे विकणाऱ्या दुकानदारांना विनंती आहे की टँक आणि मासे एकाच दिवशी गळ्यात मारू नका, आणि निळ्या-पिवळ्या बाटल्यांच्या रांगेत चार टेस्ट किटपण ठेवा, आम्ही विकत घेऊ की. आणि संपादक साहेब, दसऱ्याच्या साफसफाईवर काही छापणार असाल तर त्यात दोन ओळी घाला, की टँक घासायचाच असेल तर पाव ते अर्धं पाणीच काढा, खडी आणि फिल्टर एकाच दिवशी धुऊ नका, आणि स्पंज टँकमधून काढलेल्या पाण्यातच बादलीत दोनदा पिळा, नळाखाली नाही.

चारातले दोन गोल्डफिश गेले, सकर आहे. शेठ वाचलाय, शेपटीची कड जरा फाटलीय, पण सकाळी दिवा लावला की काचेशी येऊन उभा राहतोय.

आपला,
एक वाचक, शहापूर, बेळगाव