कापूस विकला आणि खोली बोंबलायला लागली

साउंडवाले भाऊ,

स. न. वि. वि.

तुम्ही मोबाइलवर काही वाचत नाही, ठाऊक आहे. पण तुमचा पोरगा वाचतो आणि तो जेवताना तुम्हाला ऐकवेल या भरवशावर हे उघड पत्र लिहितोय. उघड लिहिण्याचं आणखी एक कारण आहे. मागल्या उन्हाळ्यात एका वरातीत तुमची गाडी आमच्या दारापुढे थांबली, फळीवरची भांडी नाचली आणि मी पारावर बसून अर्धा तास तुमच्या नावाने बोटं मोडली. शिव्या चारचौघांत दिल्या, तर आभारही चारचौघांतच मानले पाहिजेत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी माझं दुखणं सांगतो. दिवाळीला नागपूरहून जुन्या स्पीकरची जोडी आणली. हातभर उंचीचे लाकडी डबे, एक जुना ॲम्प्लिफायर. घरात जागा कुठली? माझी झोपायची खोली दहा बाय बारा फूट, स्लॅबची, भिंतींना सिमेंट, खाली टाइल्स. त्यातही निम्म्या खोलीत कापूस. वेचणी सुरू होती आणि बाबा भाव वाढायची वाट पाहत होते. एक डबा लोखंडी कपाटावर ठेवला, दुसरा खिडकीशेजारच्या फडताळात. तरी आवाज गोड यायचा. दोन महिने मी शाळेत सगळ्यांना सांगत सुटलो होतो.

फेब्रुवारीत कापूस गेला. त्या रात्री गाणं लावलं आणि मला खोली ओळखू येईना. तबला गुरगुरतोय, गायकाचे शब्द एकमेकांवर पडताहेत, कपाटाचं दार वेगळंच खडखडतंय. वाटलं, उंदराने कॉइल खाल्लं. डबे गाडीला बांधून शहरातल्या एका दुकानात नेले. त्या माणसाने ते लावूनसुद्धा पाहिले नाहीत. म्हणाला, ॲम्प्लिफायर कमजोर आहे, मोठा घ्या आणि सोबत वूफर, म्हणजे खालच्या सुरांचा वेगळा डबा, घ्या. जो आकडा सांगितला तो बाबांना अजून सांगितलेला नाही. मी पगाराची वाट पाहत होतो. मधल्या दिवसांत अंड्यांचे पंचवीस-तीस ट्रेही गोळा करून ठेवले होते, भिंतीला चिकटवायला.

मार्चअखेरीस तुम्ही स्नेहसंमेलनाचं उरलेलं बिल घ्यायला आलात. आत गाणं सुरू होतं. तुम्ही उंबऱ्यातच थांबलात आणि म्हणालात, "गुरुजी, हे बाई त कपाटात बसून गाऊन रायली!" मग खोलीच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवलीत. टाळीमागोमाग भिंतींमधून टर्रर्र असा आवाज आला, शिट्टीतला वाटाणा फिरावा तसा. इतकी वर्षं मी त्या खोलीत झोपतो, तो आवाज कधी कानावर घेतला नव्हता. तुमचा पुढचा प्रश्न मी विसरणार नाही: "येथं पयले कापूस होता नं?"

कसं ओळखलंत? कोपऱ्यात चार सरक्या पडल्या होत्या, असं तुम्ही हसत सांगितलंत. पण खरं तर टाळीनेच ओळखलं असणार. दोन उघड्या भिंती समोरासमोर असल्या की आवाज त्यांच्यात चेंडूसारखा टप्पे खातो. कापसाचा ढीग तो गिळत होता. स्पीकर तेच, गाणं तेच, खोली मात्र बदलली होती.

त्यानंतरचे तीन तास आमच्या घरच्यांनी अजून किती वेळा सांगितलेत! आधी तुम्ही कूलर बंद करायला लावलात. मग पेन्सिल सेल मागितलात, दीड व्होल्टचा, भिंतीवरच्या घड्याळातला. ॲम्प्लिफायरकडची वायर सोडून तिची दोन टोकं सेलला टेकवलीत. डाव्या डब्यातल्या मोठ्या गोलाचा पडदा टक् करून बाहेर आला. उजव्याला तसंच केलं, तर तो आत गेला. मी दोन्हीकडे दिव्याची साधी वायर वापरली होती, दोन्ही तारा एकाच रंगाच्या, आणि एका बाजूला अधिक-उणे उलटं जोडलं होतं. एक पडदा हवा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो. मग खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात आणि गाणाऱ्याचा आवाज मधोमध न येता सगळ्या खोलीत सांडतो. म्हणजे दिवाळीपासून मी अर्धं गाणं ऐकत होतो आणि त्याचीच तारीफ करत होतो. विज्ञान शिकवतो मी, भाऊ.

मग कपाट मागच्या भिंतीला गेलं. "कोपऱ्यात डब्बा ठेवान त ढोल वाजन, नुसता ढोल," असं म्हणून तुम्ही दोन्ही डबे दहा फुटांच्या भिंतीकडे आणलेत, पण भिंतीला टेकवले नाहीत. पाठ भिंतीपासून पावणेदोन फूट. बाजूच्या भिंतींपासून दोन्हीकडे सारखंच अंतर. अंगणातल्या छत्तीस विटा आत आल्या. एकेका डब्याखाली नऊ थर, प्रत्येक थरात दोन विटा, खालच्या थराला आडव्या, गवंडी लावतो तशा. वर सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे आणि त्यावर डबा. मला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून तुम्ही वितीने मोजलंत आणि वरचा छोटा गोल माझ्या कानाच्या उंचीला आला का, ते पाहिलंत. तिखट, म्हणजे वरच्या पट्टीतले सूर सरळ रेषेत जातात म्हणे. कपाटावरून ते माझ्या डोक्यावरून जात होते.

सुतळीचा प्रकार मात्र मी पोरांना भूमितीच्या तासाला करून दाखवतो आता. पाच फुटांची सुतळी, एका डब्यापासून दुसऱ्यापर्यंत. तीच सुतळी दोन्ही डब्यांपासून माझ्या डोक्यापर्यंत. तिन्ही बाजू सारख्या, समभुज त्रिकोण. एक डबा जवळ असला की त्याचा आवाज आधी पोचतो आणि कान सगळं गाणं तिकडेच ढकलतो, म्हणून बोटभराचा फरकही तुम्ही चालू दिला नाहीत. तोंडं किंचित आत वळवलीत, माझ्या खांद्यांमागे पाहताहेत अशी.

पण खुर्ची पडली बरोबर खोलीच्या मध्यावर आणि बेस गायब झाला. मागे भिंतीला टेकून बसलो, तर परत ढोल. तुम्ही खुर्ची फूटभर मागे सरकवलीत आणि सगळं जागेवर आलं. नंतर मी याचं गणित मांडलं. 25 अंश तापमानाला आवाज सेकंदाला सुमारे 346 मीटर जातो. बारा फूट म्हणजे 3.66 मीटर. या लांबीत अर्धी लाट बरोबर बसते ती सुमारे 47 हर्ट्झची, आणि दहा फुटांत बसते 57 हर्ट्झची. हे सूर खोली स्वतःच धरून ठेवते, भिंतींपाशी फुगवते आणि मध्यावर जवळजवळ गिळते. मला कागद-पेन्सिल घेऊन रविवारची दुपार लागली. तुम्ही ते खुर्ची सरकवून केलंत. नव्या वूफरने त्याच फुगलेल्या सुरात आणखी भर घातली असती, दुसरं काही नाही.

आरशाचं सांगतो आणि थांबतो. माझा दाढीचा आरसा घेऊन तुम्ही बाजूच्या भिंतीवरून हळूहळू पुढे नेलात आणि मला म्हणालात, डबा दिसला की सांगा. दिसला तिथे खडूची फुली. आवाज तिथूनच आपटून कानात येतो, अंमळ उशिरा, आणि शब्द पुसट करतो. दोन्ही फुल्यांवर आईने पिंजून घेतलेल्या जुन्या कापसाच्या गाद्या उभ्या टांगल्यात. मी कापडी पडदे लावू का विचारलं, तर म्हणालात, "पडदा फक्त तिखट खाते, गुरुजी. जाड कापूस पायजे." अंड्यांच्या ट्रेंकडे नुसतं पाहिलंत आणि विचारलंत, "हे मी नेऊ का? कोंबड्याईची अंडी ठेवाले कामी येतीन." बिल घेऊन गेलात ते शाळेचं. या कामाचा रुपयासुद्धा घेतला नाहीत, ट्रे तेवढे गाडीला बांधलेत.

शेवटी बाबांच्या आवडीचं खंजिरी भजन लावायला सांगितलंत, एकाच माइकवर घेतलेलं जुनं रेकॉर्डिंग. दोन्ही डब्यांतून अगदी सारखा आवाज निघतो, तेव्हा जोडणी आणि जागा बरोबर असेल तर तो मधोमध यायलाच हवा. बाबा दिवाणावर बसले होते, आई दारात उभी होती. भजन सुरू झालं आणि ते डाव्या डब्यातून आलं नाही, उजव्यातूनही नाही. दोन्हींच्या मधल्या भिंतीतून आलं, जिथे बँकेचं कॅलेंडर आहे तिथून. खंजिरीच्या चकत्यांची छुमछुम तिथेच, गळाही तिथेच. आई पुढे आली, कॅलेंडर वर करून मागे पाहिलं आणि म्हणाली, "अन् हा मधात कोन गाऊन रायला?" बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी भजन दुसऱ्यांदा लावायला सांगितलं. नंतर रात्री मला विचारलं, त्या साउंडवाल्याला जेवायला का नाही थांबवलं? मी काय उत्तर देणार!

अडचणी आहेत, नाही असं नाही. विटांचे खांब खोलीत पुढे आल्यामुळे आई झाडताना रोज एकदा तुमचं नाव घेते. म्हणून आता विटा भिंतीला सरकवून ठेवतो आणि ऐकायच्या वेळी पुढे घेतो. जागा चुकू नये म्हणून मुलीने नेलपॉलिशचे लाल ठिपके फरशीवर लावलेत. उन्हाळाभर कूलरपुढे काही चाललं नाही, तेव्हा पहाटे पाचला उठून ऐकलं. आणि दिवाणावर लोळून ऐकलं की बेस अजूनही जड वाटतो. त्यावर उपाय नाही, तुम्ही आधीच सांगितलं होतं.

आता पोळा झालाय, पऱ्हाटीला बोंडं धरलीत. दसऱ्यानंतर वेचणी लागेल आणि बाबा कापूस याच खोलीत रचणार म्हणताहेत. तेव्हा भिंतीवरच्या गाद्या काढायच्या की ठेवायच्या, आणि ढीग नेमका कोणत्या कोपऱ्यात घालायचा, हे सांगायला एकदा या. आई पाटोडी करणार आहे. येताना टाळी मात्र उंबऱ्यातूनच वाजवा, मला तुमच्याआधी ओळखून पाहायचंय.

आपला,
गणित-विज्ञानाचा गुरुजी
दारव्हा तालुका, जि. यवतमाळ